शेबाच्या राणीचं बंदर आणि तिलारीचं धुकं

क्लोद लोरँ या चित्रकाराने 1648 साली रोममध्ये एक बंदर रंगवलं. शेबाची राणी सॉलोमन राजाच्या भेटीला निघाली आहे. उजवीकडे खांबांचा प्रासाद, त्याच्या पायऱ्यांवरून उतरणारी राणी, डावीकडे कोण्या जुन्या वास्तूचे भग्न खांब, मध्ये पाणी, आणि पाण्यापलीकडे नुकता वर आलेला सूर्य. डाव्या कडेला बसलेला एक जण त्या सूर्यापुढे डोळ्यांवर हात धरतो. चित्र सुमारे 149 सेंटिमीटर उंच आणि 197 सेंटिमीटर रुंद आहे. लंडनची नॅशनल गॅलरी 1824 मध्ये ज्या 38 चित्रांवर सुरू झाली, त्यांतलं हे एक.

मी तैलरंग शिकायला बसलो तो याच चित्राची नक्कल करत, चंदगडात, 18 बाय 24 इंचांच्या कॅनव्हासवर. उंची-रुंदीचं प्रमाण जवळजवळ तेच असल्यामुळे चौकोन आखून चित्र उतरवणं सोपं गेलं. माझी चुलत बहीण चित्रकलेची शिक्षिका आहे. शाळेतल्या मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवते, आणि स्वतः वर्षानुवर्षं उघड्यावर, जागेवर बसून रंगवते. नक्कल करून चित्रकला शिकता येते हे तिला मुळीच मान्य नाही. आमचं बोलणं अनेक बैठकांत झालं, इथे ते सलग मांडलं आहे. तिची बाजू तिच्याच जोराने यावी अशी काळजी घेतली आहे, कारण तिच्या काही म्हणण्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

ताई : आधी हे सांग, हेच चित्र का? चंदगडात समुद्र नाही, संगमरवर नाही, आणि जून ते सप्टेंबर धड सूर्यही नाही. खिडकीबाहेर भाताची खाचरं आहेत, काजू आहे, जांभ्याची तांबडी वाट आहे. तू त्याकडे पाठ करून रोमचं बंदर रंगवतोस.

मी : ते रोमचं बंदर नाहीच. तसं बंदर कुठेही नव्हतं. क्लोद जन्माला आला लोरेन प्रांतातल्या खेड्यात. तिथून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच. रोममध्ये राहून त्याने इमारती एकीकडच्या घेतल्या, जहाजं दुसरीकडची घेतली, आणि त्यात बायबलमधली राणी आणून उभी केली. सॉलोमनच्या काळाशी त्या खांबांचा काही संबंध नाही. बंदर त्याने जमवलेलं आहे. म्हणून ‘आपल्या इथे बंदर नाही’ हा आक्षेप मला लागत नाही, कारण त्याच्याही इथे ते नव्हतं. आणि आपल्या इथे अगदीच नाही असंही नाही. चंदगडातून नीट पश्चिमेला गेलं की पन्नास-साठ किलोमीटरवर वेंगुर्लं. आंबोलीचा घाटरस्ता व्हायच्या आधी बेळगाव आणि वेंगुर्ल्याची ये-जा आपल्या रामघाटातून चालायची. मीठ बैलांच्या पाठीवरून वर यायचं. क्लोद जेव्हा ही बंदरं रंगवत होता, त्याच काळात वेंगुर्ल्यात डचांची वखार होती.

ताई : मग वेंगुर्लं रंगव की! धक्का आहे, टेकडीवर दीपगृह आहे, होड्या आहेत. तूच माझी बाजू मांडतोस.

मी : रंगवायचंच आहे. पण धक्क्यावर बसलो तर मला आकाश कुठून सुरू करायचं हेच कळणार नाही. पेन्सिलने येईल, जलरंगात थोडंफार येईल, तेलात नाही. तैलरंगात आधी काय आणि नंतर काय, हा सगळा खेळ आहे, आणि तो क्रम निसर्गात कुठेही लिहिलेला नसतो. समोर डोंगर, आकाश, झाड, सगळं एकदम असतं. चित्रात मात्र कुणीतरी ते एकामागून एक केलेलं असतं. डोलकाठ्या आणि दोरखंड आकाशावरून जातात, म्हणजे आकाश आधी पुरं व्हायला हवं, आणि वाळायलाही हवं, नाहीतर दोराची बारीक रेघ खालच्या ओल्या पिवळ्यात विरघळून जाते. माणसं सगळ्यांत शेवटी. हे मला त्या चित्राने सांगितलं.

ताई : हे मी तुला एका संध्याकाळी सांगितलं असतं.

मी : सांगितलं असतंस. पण मी ते ऐकलं असतं, केलं नसतं. एकच उदाहरण देतो. सूर्याजवळचं आकाश पिवळं, वर गेल्यावर निळं. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे शाळेतलं पोरही जाणतं. मग क्लोदचं आकाश हिरवं का होत नाही? मी नीट पाहिलं तेव्हा दिसलं की पिवळ्याच्या आणि निळ्याच्या मध्ये एक फिकट पट्टा आहे, जवळजवळ रंग नसलेला, किंचित गुलाबीकडे झुकणारा. दोन रंग एकमेकांना भेटतच नाहीत. मी पांढऱ्यात यलो ऑकर आणि चिमूटभर लाल घालून तो पट्टा केला, सूर्यापासून बाहेरच्या दिशेने सरकत गेलो, आणि निळा वरून खाली आणून त्या पट्ट्यावर थांबवला. या एका पट्ट्यासाठी नक्कल केली असती तरी चाललं असतं.

ताई : तोच पट्टा नोव्हेंबरात तिलारीच्या कड्यावर रोज संध्याकाळी दिसतो.

मी : रोज संध्याकाळी दिसतो आणि दहा मिनिटांत जातो. मी त्याच्याकडे लहानपणापासून बघत आलो, पण तो मला दिसला नव्हता. चित्रात तो थांबून राहिला होता.

इथे ताई गप्प बसली, पण हार म्हणून नव्हे. तिचा खरा आक्षेप पुढे होता, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला तो सर्वांत वजनदार आक्षेप आहे.

ताई : तू ‘चित्र’ म्हणतोस, पण तू चित्र कुठे पाहिलंस? तू छापील कागद पाहिलास, आणि मोबाइलवर मोठं करून पाहिलंस. दीड मीटर उंचीचं चित्र तुझ्यासमोर वीतभर आलं. मूळ रंगाला जाडी असते, सूर्यापाशी रंग उंचावलेला असेल, सावलीत पातळ असेल, वर व्हार्निश आहे, त्या व्हार्निशला वय आहे. यातलं काही छापील कागदावर येत नाही. लूव्ह्रमध्ये बसून नक्कल करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते रंगासमोर बसतात. तू फोटोची नक्कल करतोस आणि म्हणतोस की तैलरंग शिकतो आहे. आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच गेल्या. युरोपातली चित्रं ज्यांनी कधी बघितली नाहीत, त्यांनी छापील कागदांवरून रंगाबद्दल मतं बनवली.

मी : हे खरं आहे. पण व्हॅन गॉग बघ. सां-रेमीच्या इस्पितळात असताना, 1889 आणि 1890 मध्ये, त्याने मिलेच्या चित्रांवरून एकामागून एक कॅनव्हास केले, आणि समोर होते नुसते काळे-पांढरे छाप. भावाने पाठवलेले. त्यात रंग नव्हताच, तो त्याने ठरवला. पत्रात त्याने या कामाची तुलना दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी केली आहे.

ताई : तो व्हॅन गॉग होता. मिलेच्या शेतकऱ्यांसारखी माणसं त्याने आधी स्वतः शेतात उभं राहून शेकड्यांनी काढली होती. छापात जे नव्हतं ते भरायला त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी होतं. तुझ्याकडे काय आहे?

मी : माझ्याकडे कॅनव्हास आहे. छापील कागद गप्प असतो हे मान्य. पाण्यावर सूर्याखाली उजेडाचे छोटे छोटे फटकारे आहेत. छाप मला एवढंच सांगतो की ते तिथे आहेत. ओल्यावर मारले की वाळल्यावर, जाड की पातळ, हे सांगत नाही. म्हणून मी वेगळ्या तुकड्यांवर दोन्ही करून पाहिलं. ओल्या निळ्या-करड्यावर पिवळा ओढला की तो खालचा रंग उचलतो आणि मळतो. वाळलेल्या थरावर, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून ओढला की तो कॅनव्हासच्या उंचवट्यांवर तेवढाच बसतो, आणि पाणी हलायला लागतं. क्लोदने नेमकं तसंच केलं होतं का, मला माहीत नाही. पण जिथे छाप गप्प झाला, तिथेच मला प्रश्न विचारावा लागला. मूळ चित्र समोर असतं तर मी नुसतं पाहून केलं असतं.

ताई : हा तुझा सगळ्यांत चांगला मुद्दा आहे, आणि तो नक्कलेच्या विरुद्ध जातो. जिथे नक्कल संपली तिथे तू शिकलास, असं तूच म्हणतोस.

तिचं हे वाक्य मी मान खाली घालून ऐकलं, आणि त्यावर बराच विचार केल्यावरही माझं मत तिच्या उलट आहे. नक्कल कुठे संपते ते नक्कल करत गेल्याशिवाय सापडत नाही. धक्क्यावर बसलेल्या नवशिक्याला एकाच वेळी सगळंच माहीत नसतं, म्हणून त्याला नेमका प्रश्न पडतच नाही. मला प्रश्न पडला, कारण बाकी सगळं दुसऱ्या कुणीतरी आधी ठरवून ठेवलं होतं.

चहा झाला. पाऊस होताच. ताईने मग तिच्या वर्गाचा विषय काढला, आणि तिचा राग कुठून येतो ते कळलं.

ताई : पाचवीतल्या मुलांना मी सांगते, निसर्गचित्र काढा. काय काढतात? दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, त्याचे काठीसारखे किरण, डोंगरातून निघणारी नदी, काठावर झोपडी, नारळाचं झाड, आणि आकाशात चार-चार पक्षी. ही मुलं चंदगड तालुक्यातली! यांच्या शाळेच्या दारातून जो डोंगर दिसतो, त्याचा माथा सपाट आहे. इथल्या कितीतरी डोंगरांना टोकच नाही, वर जांभ्याचा सडा पसरलेला असतो. सूर्य डोंगरांच्या मधून येतो असं यांनी कधी पाहिलेलं नाही. पावसात तर दिसतच नाही. तरी हात तेच काढतो, कारण मोठ्या भावाने तेच काढलं, त्याआधी वडिलांनी काढलं. नक्कल डोळ्यांचं काय करते ते मला रोज वर्गात दिसतं. मी स्वतः शिकत होते तेव्हाही तेच. आमच्याकडून प्लेटवरून प्लेट काढून घेतली, आणि जी मुलगी हुबेहूब काढेल ती हुशार. तिथून बाहेर पडल्यावर डोंगरासमोर बसले तेव्हा हाताला काही सुचेना. ती वर्षं मला परत कुणी देणार नाही.

मी : त्या वर्षांबद्दल मी काही बोलणार नाही. पण मुलांचं ते चित्र नक्कल नाही, ताई. त्यांच्यासमोर कुठलंच मूळ चित्र नसतं. सवयीने काढतात, आणि काढलेलं कशाशीही ताडून पाहत नाहीत. नक्कलेत ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. राणीच्या पायऱ्यांच्या कडा मी सहज काढल्या असत्या तर त्या कुठेही गेल्या असत्या. मूळ चित्रात त्या कडा, वरची कोरीव पट्टी, खांबांचे माथे, सगळं क्षितिजाच्या रोखाने, सूर्याच्या आसपास जातं. म्हणून डोळाही तिकडेच जातो. माझी एक पायरी जराशी चुकीच्या दिशेने गेली की सगळा प्रासाद कलतो, आणि ते लगेच दिसतं. त्रिकोणी डोंगर काढणाऱ्या मुलाला चूक कधीच दिसत नाही.

ताई : म्हणजे ताडून पाहण्याची सवय. ठीक. पण ती सवय खिडकीबाहेरच्या डोंगराशी ताडूनही लागते. मी मुलांना आता तेच करायला लावते. दारात बसवते आणि सांगते, डोंगराच्या माथ्याची फक्त एक रेघ काढा. सपाट रेघ काढायला मुलं तयार होत नाहीत! ‘मॅडम, हा डोंगर वाटत नाही,’ म्हणतात.

तिच्या वर्गातला हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत तो व्हावा.

मी : तरी इतिहास तुझ्या बाजूने नाही. तू अबालाल रहिमान यांचं नाव नेहमी घेतेस. रंकाळ्याचा संध्यामठ, कोटीतीर्थाचं पाणी, तोच काठ वेगवेगळ्या उजेडात, आयुष्यभर. कोल्हापुरात निसर्ग त्यांच्याइतका कुणी पाहिला नाही. पण ते आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, आणि तिथे तेव्हा ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करून घेत. त्याच काळात, 1872 पासून 1885 पर्यंत, जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, आणि भिंतींवरची चित्रं कॅनव्हासवर तैलरंगात उतरवत होते. पेस्तनजी बोमनजी तिथेच घडले. त्या नकला लंडनला गेल्या आणि 1885 च्या आगीत बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या अजिंठ्याच्या नकला 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. एवढी वर्षं खर्चून नकला केल्या, जळाल्या, तरी माणसं पुन्हा गेली.

ताई : ती नोंद होती. भिंत पडत होती, ती वाचवायची होती. आणि ते भिंतीसमोर बसले होते, छापासमोर नव्हे. अबालालांचं म्हणशील, तर पुतळे त्यांनी जे. जे.त सोडले आणि कोल्हापुरात आल्यावर पाण्याकाठी जाऊन बसले. मला त्यांच्या आयुष्यातला तो दुसरा भाग दिसतो. बाबूराव पेंटर आणि आनंदराव घे. दोघे चुलतभाऊ कुठल्याही कलाशाळेत गेले नाहीत, आणि नाटक कंपन्यांचे पडदे असे रंगवले की लोक बघत राहिले. आणखी सांगू? आपल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी ज्याच्यावर कादंबरी लिहिली, तो राजा रविवर्मा. त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन हा चित्रकार आला, त्याने शिकवलं नाही, नुसतं बघू दिलं, असं सांगतात. म्हणजे रविवर्मा रंग लावणारा हात बघून शिकला, पुरं झालेलं चित्र बघून नव्हे. तुझ्याकडे तो हातही नाही.

मी : माझ्याकडे हात नाही म्हणूनच तर पुरं झालेलं चित्र उलटं उसवत जावं लागतं. आणि नक्कल नवशिक्यांचीच असते असंही नाही. कॉन्स्टेबलने गवताच्या गाडीचं त्याचं प्रसिद्ध चित्र 1821 मध्ये केलं. त्यानंतर दोन वर्षांनी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो लेस्टरशायरमध्ये सर जॉर्ज ब्यूमाँटच्या घरी राहून क्लोदच्या चित्रांच्या नकला करत बसला होता. इंग्लंडचं आकाश त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्याला क्लोदकडे परत जावंसं वाटलं.

ताई : आणि टर्नर? त्याचं नाव तू मुद्दाम टाळतोस. टर्नरला हेच शेबाच्या राणीचं बंदर आवडलं होतं. त्याने काय केलं? नक्कल नाही. 1815 मध्ये स्वतःचं बंदर रंगवलं, डायडो राणी कार्थेज वसवते आहे, तोच समोरून येणारा सूर्य, त्याच दोन बाजूंच्या इमारती, पण सगळं त्याचं. आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझं चित्र क्लोदच्या चित्राशेजारी लावा. आज ती दोन्ही शेजारी शेजारी आहेत. शिकायचं म्हणजे ते. शेजारी उभं राहायचं.

मी : शेजारी उभं राहण्याआधी काही काळ मागे उभं राहावं लागतं.

ताई : लोक तिथेच राहतात, ही माझी भीती आहे.

या मुद्द्यावर मी तिच्या बाजूला थोडा सरकलो, ते इथे नोंदवतो. नक्कल एकाच चित्राची करावी, अर्धवट सोडू नये, आणि पुरी झाल्यावर लगेच दुसरी हाती घेऊ नये. एका चित्रात जे प्रश्न पडतात ते बरेच दिवस पुरतात. दुसरी नक्कल करायचा मोह होतो, कारण ती पहिलीहून सोपी जाते, आणि सोपं गेलं की शिकल्यासारखं वाटतं.

एका बाबतीत मात्र आम्हा दोघांत कधीच मतभेद नव्हता, ती म्हणजे चंदगडचा पाऊस आणि तैलरंग. तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि दमट, थंड हवेत हे काम फार रेंगाळतं. बर्न्ट अंबर लवकर वाळतो, त्यात मँगनीज असतं. म्हणून पहिला थर मी अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून केला, तेल जवळजवळ न घालता. वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं, खाली तेलकट आणि वर कोरडा थर दिला, तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि चित्राला भेगा पडतात. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी ठोकून तो ताणून घ्यावा लागतो. भिंतीला टेकवून ठेवला तर मागून बुरशी धरते. ताई पावसात तेलाला हातच लावत नाही, जलरंग घेऊन ओसरीत बसते. मी खोलीत बल्ब लावून, कॅनव्हास भिंतीपासून हातभर पुढे ठेवून काम केलं. टर्पेंटाइनऐवजी रॉकेल वापरायचा सल्ला इथे कुणीही देतं. तो ऐकू नये, असं आम्ही दोघंही सांगतो.

पाऊस उघडल्यावर ताई मला तिलारीच्या बाजूला घेऊन गेली. घाटमाथ्याच्या कडेवरून खाली कोकण दिसतं, एकामागे एक डोंगरांच्या रांगा. मला वाटलं, इथे माझी बाजू आपोआप सिद्ध होणार.

मी : बघ. जवळची रांग गडद, तिच्यामागची निळसर, त्यामागची आणखी फिकट, आणि शेवटची आकाशात मिसळलेली. क्लोदची जहाजं अशीच आहेत. जवळच्या जहाजाची काठी काळपट, लांबच्या जहाजांच्या काठ्या उजेडात जवळजवळ विरलेल्या. नक्कल केली नसती तर मला हे रांगांमधलं अंतर रंगाने मोजता आलं नसतं.

ताई : थांब थोडं.

खालच्या दरीतून धुकं वर आलं. आमच्या अगदी पायाखालचा उतार पुसून गेला, त्याच्यावरची झाडं पांढरट झाली, आणि त्याच वेळी तिसऱ्या रांगेवर कुठूनतरी ऊन पडून ती लख्ख, गडद हिरवी निघाली. जवळचं फिकट, लांबचं ठसठशीत.

ताई : आता सांग. तुझ्या क्लोदचा नियम कुठे गेला? इथे वर्षातले चार महिने हे असं चालतं. धुकं मध्ये कुठेही शिरतं. इथला चित्रकार जर मनात बंदर घेऊन बसला, तर तो जवळचा डोंगर गडद करणार, कारण त्याला तसं शिकवलं आहे. तो घाट बघणार नाही, घाटात क्लोद बघेल. आणि हे हिरवे बघ. तरव्याचा पिवळट हिरवा, काजूच्या पानाचा काळपट, सड्यावरच्या गवताचा वेगळाच. सावली कुठेच नाही, कारण सूर्य ढगाआड आहे. सगळं चित्र हिरव्या-हिरव्यांतल्या फरकावर उभं राहायला हवं. तुझ्या बंदरात याचं काय आहे?

मी : काही नाही. हे त्याने पाहिलं नव्हतं. पण नियम मोडला हे मला दिसलं, कारण नियम मला ठाऊक होता.

ताई : मला नियम ठाऊक नसतानाही दिसलं असतं.

मी : तुला दिसलं असतं. तू वीस वर्षं इथे येऊन बसतेस. मी आत्ता आलो.

ताई : सान्द्रार्ट नावाच्या त्याच्या मित्राने लिहून ठेवलंय ना, की क्लोद पहाटेच्या आधीपासून रात्रीपर्यंत शेतात पडून राहायचा, पहाटेचं आणि संध्याकाळचं आकाश बघायचा, आणि मग रंग तसे जुळवून घरी जाऊन लावायचा? तूच मला वाचून दाखवलं होतंस. मग तू क्लोदकडून काय घ्यायचं, ते बंदर, की ते शेतात पडून राहणं?

याचं उत्तर मी तिथे दिलं नाही, आणि आजही मला ते एका शब्दात देता येणार नाही. दोन्ही, असं म्हणणं फार सोपं आहे. माझ्यापुरतं खरं एवढंच, की बंदर केल्याशिवाय मला शेतात पडून राहायची गरज कळली नसती. पुस्तकात सान्द्रार्टचं ते वर्णन मी आधीही वाचलं होतं, तेव्हा ती एका छांदिष्ट माणसाची गोष्ट वाटली होती. आकाशाचा तो फिकट पट्टा जुळवताना हात दुखले तेव्हा समजलं की तो माणूस शेतात कशासाठी जात होता.

परत येताना पुढचं ठरलं.

ताई : हिवाळ्यात वेंगुर्ल्याला जाऊ. पण एक आधीच सांगते, तुझं बंदर तिथे सापडणार नाही. क्लोदचा सूर्य सकाळचा आहे आणि पाण्यावरून येतो. वेंगुर्ल्यात सकाळचा सूर्य सह्याद्रीमागून येतो, म्हणजे आपल्या बाजूने, पाठीवर. सकाळी होड्यांवर समोरून उजेड पडेल, सगळे रंग उघडे दिसतील, नायलॉनच्या जाळ्यांचा निळा आणि पत्र्याचा गंजसुद्धा. काळ्या काठ्या हव्या असतील तर संध्याकाळी बसावं लागेल.

मी : मग दोन्ही वेळा बसू.

ताई : बस. आणि या नक्कलेचं काय करणार आहेस? भिंतीवर लावणार?

मी : लावीन.

ताई : मग मागे कॅनव्हासवर नीट लिही. मूळ चित्रकार क्लोद लोरँ, चित्राचं नाव, 1648, आणि खाली ‘वरून केलेली नक्कल’ म्हणून तुझं नाव, साल, चंदगड. त्याच्या हयातीतच त्याच्या नावाने खोटी चित्रं विकली जात होती, म्हणून तो आपल्या चित्रांची रेखाटनं एका वहीत ठेवत गेला. 195 रेखाटनं आहेत, ब्रिटिश म्युझियममध्ये. लूव्ह्रमध्ये तर मूळ चित्राच्या मापाची नक्कल करूच देत नाहीत, पाचव्या हिश्शाने तरी लहान किंवा मोठी हवी. तुझं 18 बाय 24 आहे, कुणी फसणार नाही, पण लिहिण्याची शिस्त हवी.

मी : लिहितो. वेंगुर्ल्याला केवढा कॅनव्हास घेऊ?

ताई : 8 बाय 10 च्या वर नको. त्याहून मोठा संध्याकाळचा उजेड असेपर्यंत भरून होत नाही. आणि आकाश आधी कर, ते तुला आता येतं.